थंडीत एक, गरमीत दुसरा

सकाळी ६
बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, त्यामुळे जानेवारीत पहाटे बाहेर पडायचं तर कानटोपी लागतेच. आजचं काम मात्र थंडीतच सुरू करायला हवं होतं. आमच्या पेट्रोल गाडीच्या तक्रारी दोन. सकाळी सेल्फ फार वेळ मारावा लागतो, आणि घाट चढून गरम झालेली गाडी बंद केली की ती पुन्हा उचलत नाही. एका गॅरेजात बॅटरी आणि प्लग बदलून झाले, तरी फरक नाही. तक्रारींच्या वेळा वेगळ्या, म्हणजे कारणंही वेगळी असणार, असं धरून दिवस आखला.

रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीची चावी फक्त ‘ऑन’ केली. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात लहानसा स्कॅनर लावला आणि मोबाइलवर आकडे पाहिले. इंजिनात येणारी हवा १४ अंश, इंजिनातलं पाणी ४७ अंश! रात्रभर गारठलेल्या इंजिनात पाणी ४७ अंश राहणं शक्यच नाही. तापमानाचा सेन्सर खोटं सांगत होता. त्याच्या भरवशावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, इंजिनाला कोमट समजतो आणि थंडीत लागणारं जास्तीचं पेट्रोल देत नाही. चेक लाईट पेटलेली नव्हती, कारण ४७ हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही. म्हणून पहिला सेल्फ मारण्याआधीच हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

नंतर दुसऱ्या तक्रारीसाठी क्रँक सेन्सरचा कपलर काढून मीटर लावला. सुमारे ९०० ओहम. दोन तारांच्या सेन्सरला हे ठीकच. थंड असताना तो धडधाकट होता. कपलर परत बसवला.

७ वाजता
गाडी चालू केली आणि रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत जागेवरच ठेवली. मग बंद करून दहा मिनिटं थांबलो. हे थांबणं महत्त्वाचं, कारण इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरत नाही आणि आतली उष्णता आजूबाजूच्या भागांत उतरते. चहाला थांबलेली गाडी सुरू होत नाही, ती याच वेळी.

पुतण्या चावीवर, मी बॉनेटपाशी. चिखलीच्या एका जुन्या मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, “भाऊ, सेल्फ मारतांना आरपीएमचा काटा हलते का, ते पाहा पहिले.”

सेल्फ जोरात फिरला, गाडी काही लागली नाही.

“काका, काटा हललाच नाही!”

काटा ज्याच्या खबरेवर हलतो तो क्रँक सेन्सर क्रँकवरच्या दातेरी चाकासमोर बसलेला असतो. बऱ्याच गाड्यांत त्या चाकावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ मुद्दाम गाळलेले असतात. ती मोकळी जागा समोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळतं. ही खबरच आली नाही तर ईसीयू ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. स्कॅनरवर आता कोड होता: पी०३३५.

पण कोड सर्किटचा असतो. त्यावरून सेन्सरच मेला असं म्हणता येत नाही. तार तुटली, कपलरला गंज चढला, तरी हाच कोड येतो. म्हणून गरम असतानाच पुन्हा मीटर लावला. सकाळी ९०० दाखवणारा मीटर आता काहीच दाखवेना. आतली केसासारखी तांब्याची तार कुठेतरी तुटलेली असणार. गरम झाली की टोकं दूर जातात, थंड झाली की पुन्हा टेकतात. कपलरपासून ईसीयूपर्यंतच्या तारा हलवून तपासल्या, त्या शाबूत निघाल्या. निकाल लागला.

१० वाजता
दुकानात दोन्ही सेन्सर पार्ट नंबर जुळवून घेतले. हुबेहूब दिसणारा स्वस्त माल असतो, पण क्रँक सेन्सरच्या टोकाची लांबी जराशी कमीजास्त झाली तरी चाकापासूनचं अंतर बिघडतं. हे अंतर साधारण एक मिलिमीटरच असतं.

१२ वाजता
इंजिन हाताला गार लागल्यावर तापमानाचा सेन्सर आधी घेतला. गरम इंजिनात हे काम कधीच करू नये, उकळतं पाणी अंगावर उडतं. खाली टोपलं धरलं, जुना काढला, नवा लगेच बसवणार तेवढ्यात पुतण्याला म्हटलं, थांब, पेला आण. पेल्यातल्या साध्या पाण्यात दोन्ही सेन्सर बुडवले. पाणी एकच, पण नवा सेन्सर २००० ओहम दाखवत होता आणि जुना ८००. पुतण्या बराच वेळ मीटरच्या पिना इकडून तिकडे लावून पाहत राहिला. मग नवा सेन्सर बसवला.

२ वाजता
क्रँक सेन्सर गाडीखालून काढायचा. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, कारण जवळच सेल्फची जाड तार असते आणि तिच्यात सतत करंट असतो. मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

बोल्ट दहाच्या गोटीने निघाला, सेन्सर मात्र आपल्या भोकात घट्ट. स्क्रू ड्रायव्हरने उचकला तर टोक तुटून आत राहतं. गंज सोडवणारं तेल मारलं, अर्धा तास जेवणं उरकली, मग हाताने डावीउजवीकडे फिरवत सोडवला. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं, हाताने पूर्ण आत बसवला आणि बोल्ट लहान पान्याने बेताने आवळला.

४ वाजता
बॅटरी जोडली, कोड पुसला, रेडिएटरमध्ये कमी झालेलं कूलंट भरलं. राजूर घाट उतरून मोताळ्याला गेलो, परत चढून वर आलो. वर पोहोचताच गाडी बंद केली, दहा मिनिटं थांबलो, सेल्फ मारला. काटा हलला आणि गाडी लगेच लागली. बुलढाण्याला रेल्वे नाही. रात्रीची गाडी धरायची तर याच घाटाने मलकापूर गाठावं लागतं, म्हणून परीक्षा याच घाटावर घ्यायची होती.

६ वाजता
आवराआवर. टोपल्यातलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलं. तुम्ही घरी हे काम कराल तेव्हा ते नालीत ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि वासरं ते चाटतात आणि मरतात. डबा बंद करून गॅरेजवाल्याकडे द्या.