बांधापलीकडचं लायसन

जुन्नर तालुक्यातल्या आपल्या राजुरीत ट्रॅक्टर कुणी मुद्दाम शिकवत नाही. आठवी-नववीतलं पोरगं वडिलांचं बघत बघत क्लच कधी दाबायचा, लिव्हर कधी ओढायचा हे मनात पक्कं करतं आणि एखाद्या सुट्टीत रोटर मारायला आपणच बसतं. स्वतःच्या रानात त्यासाठी कायदा लायसन मागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ३ लायसनची अट घालतं ती सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवण्यासाठी. मात्र सार्वजनिक ठिकाणाची त्याच कायद्यातली व्याख्या बरीच मोठी आहे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही वाट तिच्यात येते. म्हणजे बांध ओलांडून ट्रॅक्टर पाणंदीला लागला की लायसन हवं, मग तिथे डांबर असो की मुरूम.

आणि पाणंद संपते कुठे, तर नगर-कल्याण महामार्गावर. आळेफाट्याला तोच रस्ता पुणे-नाशिक महामार्गाला छेदतो. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. अशा रस्त्यावरून आपल्या मुली-मुलांना आळ्याला, बेल्ह्याला, नारायणगावला कॉलेज गाठायचं असतं. म्हणून लायसनची वाट नीट समजून घेतलेली बरी.

वयाचं आधी बघू. गियरची मोटारसायकल, स्कूटर, चारचाकी, ट्रॅक्टर या सगळ्यांना १८ वर्षं पूर्ण लागतात. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, हे खरं आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतं आणि पालकाच्या संमतीने. नगरच्या कारखान्यातली ५० सीसीची लुना दारोदार होती, तेव्हा या सवलतीला अर्थ होता. आजच्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत, त्यामुळे अकरावीतल्या मुलीला स्कूटर घेऊन देणाऱ्या घराला या तरतुदीचा काही उपयोग नाही. बॅटरीच्या गाडीचंही तसंच. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या मंजूर गाडीलाच लायसन लागत नाही. त्याहून जोरात पळणारी गाडी, दुकानदार काहीही सांगो, लायसनचीच.

अठराच्या आतलं मूल रस्त्यावर सापडलं तर काय होतं, हे पालकांनी एकदा शांतपणे वाचावं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीमालकाला दोषी धरतं. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर हे कलम शहरात सगळ्यांना ठाऊक झालं. गावाकडे मला याहून मोठी भीती वाटते ती विम्याची. लायसन नसलेल्याच्या हातून कुणी दगावलं, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगू शकतं आणि ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग निकालात ही वाट स्पष्ट केली आहे. वसुली लाखांत असते, आणि शेतकऱ्याकडे वसूल करण्याजोगं असतं काय, तर जमीन.

आता प्रत्यक्ष कामाकडे. जुन्नर आणि आंबेगाव तालुके पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे येतात, म्हणून आपल्या गाड्यांवर एमएच १४. राजुरीहून तिकडे जाऊन यायचं तर दिवस मोडतो. सुदैवाने लर्निंगसाठी तो मोडावा लागत नाही. १४ जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे घरबसल्या लर्निंग लायसन निघतं. परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज भरायचा. आधारला मोबाईल जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आधारवरूनच उचलले जातात, तेव्हा आधारवरची चूक अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. तब्येतीचं स्वयंघोषणापत्र भरायचं असतं. अर्जात रक्तगट विचारतात, अपघाती मृत्यू झाल्यास अवयवदानाची तयारी आहे का, हेही विचारतात. तो रकाना घाईत ओलांडू नका, घरात बोलून भरा.

गाडीचे प्रकार इथेच निवडायचे. गियरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन असे दोन घेतले की बहुतेकांचं काम भागतं, कारण हलक्या वाहनाच्या व्याख्येत मोटारीबरोबर ७,५०० किलोच्या आतला ट्रॅक्टरही बसतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे लर्निंगची फी प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. एजंट याच्या कितीतरी पट मागतो, म्हणून हा आकडा लक्षात असू द्या.

मग परीक्षा. चिन्हं, सिग्नल, वाटेचा हक्क यांवर मराठीत १५ प्रश्न येतात आणि ६० टक्के, म्हणजे ९ बरोबर लागतात. अवघड काही नाही. तरीही पुष्कळ ठिकाणी उमेदवार खुर्चीत बसतो आणि उत्तरं ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला दुसराच कुणी देतो. हे थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हात तर आपल्या पोरांचा आधीच बसलेला आहे. त्यांना ठाऊक नसतो तो रस्ता: मुख्य रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्यायचं, वळणावर ओव्हरटेक करायचं नाही, समोर गाडी असताना दिवा खाली घ्यायचा. शेतात हे शिकता येत नाही, आणि ते विचारणारी ही एकच परीक्षा आहे.

लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसनची ट्रायल ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. मधल्या काळाचे नियम फार थोड्यांना माहीत असतात. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा. सोबत पक्कं लायसन असलेला माणूस हवा, आणि तोही गाडी आवरू शकेल अशा जागी बसलेला. दुचाकीवर त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही. लर्निंग खिशात घालून मित्राला मागे घेऊन आळेफाट्याला जाणारा मुलगा नियम मोडतोच आहे. हे ३० दिवस घरातल्या मोठ्या माणसाने द्यावेत. आधी गावातला रस्ता, मग सकाळच्या कमी वर्दळीत महामार्गाची कड, मग आठवडेबाजाराची गर्दी, आणि शेवटी एकदा तरी अंधार पडल्यावर, उसाच्या ट्रॉलीच्या मागे किती अंतर ठेवायचं ते दाखवण्यासाठी.

ट्रायलची तारीख ऑनलाइन घ्यायची. तालुक्यांच्या ठिकाणी आरटीओची शिबिरं होतात, तारीख घेताना आधी तिथली जागा बघा. फी प्रत्येक प्रकाराच्या चाचणीला ३०० आणि लायसनचे २०० रुपये. गाडी आपलीच न्यायची, तिचं आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवं. विमा संपलेली गाडी नेली तर फेरा वाया. दुचाकीवर पाय न टेकवता आठ काढायचा असतो. चारचाकीत रिव्हर्स आणि चढावर थांबलेली गाडी मागे न सरकता पुढे नेणं, इथे बरेच अडखळतात. हाताचे इशारेही पाहतात. हेल्मेट आणि सीटबेल्ट विसरू नका. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा गेलं तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

पास झाल्यावर कार्ड टपालाने घरी येतं. वस्तीवर राहणाऱ्यांनी पत्त्यात वस्तीचं नाव नक्की घालावं, नाहीतर ते परत जातं. डिजिलॉकरमधली प्रतही पोलिसांना चालते. अठराव्या वर्षी काढलेलं लायसन चाळिशीपर्यंत टिकतं.

लायसन हातात पडलं की घरचे लगेच म्हणतात, आता टोमॅटोची पिकअप नारायणगाव मार्केटला तूच ने. इथे थांबा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निकाल दिला, हे बरोबर आहे. पण पिवळ्या पाटीच्या गाडीला कायद्याने वयाची वेगळी अट आहे, वीस वर्षांची. तोवर पिकअप वडिलांनी किंवा चुलत्याने न्यावी.