हवेवरची गाडी आणि तिचा 'शॉकअप'

एसटीची व्होल्वो 'शिवनेरी' कळंबोलीला एक्सप्रेस वेवर चढली की शेजारचा प्रवासी पाच मिनिटांत घोरू लागतो. लाल डब्यात हे सुख नाही! याचं श्रेय सगळेजण हवेच्या फुग्यांना, म्हणजे एअर सस्पेन्शनला देतात. पण निम्मं श्रेय शॉक ॲब्सॉर्बरचं, आपल्या गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप'चं आहे.

स्प्रिंग फक्त वजन पेलते. एकदा दबली की ती वरखाली नाचतच राहते, तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं. त्यात पिस्टन बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. जुन्या गाड्यांचे पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे शॉकअप गेला तरी थोडंफार भागतं. हवेला असलं घर्षण जवळजवळ नसतंच. म्हणजे इथे शॉकअप मेला की गाडी होडीसारखी डुलणार, ब्रेक मारताना चाक रस्ता सोडणार. पावसाळ्यातल्या सायन-पनवेल हायवेवर हे परवडणारं नाही.

आता खरी गंमत. प्रवासी चढले की लेव्हलिंग व्हॉल्व्ह फुग्यात जास्त हवा सोडतो. उंची तीच राहते आणि फुगा वजनाच्या प्रमाणात साधारण कडक होतो. म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची लय जवळपास सारखीच. पण व्हायब्रेशन्सच्या तासाला शिकलेलं आठवा: क्रिटिकल डॅम्पिंग म्हणजे २√(km). इथे k आणि m दोन्ही वाढले! समजा, मागच्या स्प्रिंगांवर ४ टनांचे ६ टन झाले, तर ०.३० चं डॅम्पिंग रेशो ०.२० वर येतं. पाट्यांवर, घर्षण सोडलं तर, ते ०.२४ च्या आसपास थांबलं असतं. युरोपने १९९२ च्या नियमात 'रस्त्याला सोसेल' अशा सस्पेन्शनसाठी निदान २० टक्के डॅम्पिंग मागितलं होतं, हे लक्षात घ्या. तेव्हा शॉकअप निवडताना भरलेल्या गाडीचा हिशोब धरायचा. साध्या मॉडेलचा स्वस्त शॉकअप 'बसतोय ना, मग झालं' म्हणून लावणं हा शुद्ध वेडेपणा.

लांबीही तितकीच महत्त्वाची. बहुतेक बसमध्ये चाक किती खाली लोंबकळावं हे शॉकअपच ठरवतो. तो लांब निघाला तर जॅक लावल्यावर फुगा ताणून निसटतो किंवा फाटतो. आखूड असला तर तोच आधी आपटून फुटतो. मर्सिडीज एस-क्लाससारख्या कारमध्ये तर फुगा आणि शॉकअप एकाच नळकांड्यात असतात. तिथे निवडीला वावच नाही, पार्ट नंबर जुळवायचा आणि खिसा रिकामा करायचा.

बसवताना आधी स्टँड लावा. फुग्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हवा गेली की चेसिस सरळ अंगावर येते. शॉकअप दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला. नवा दोन नळ्यांचा असेल तर उभा धरून चार-पाच वेळा दाबा-ओढा, आतली हवा निघून जाते. रबर बुशचे बोल्ट मात्र गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच शेवटचे कसा. लोंबकळत्या अवस्थेत कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आणि कारचा नवा स्ट्रट असेल तर त्यात हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन टेकवू नका. कोरड्या फुग्याला चुकीची घडी पडली की तो तिथूनच चिरतो.