परक्या गांवाचें नांव

शाळेंतील नोकरीच्या काळीं आमच्या हातून घडलेली एक चूक अद्याप आमच्या मनांत सलते. भूगोलाच्या तासास एका विद्यार्थ्यानें इंग्रजी नकाशावरून कॅलिफोर्नियांतील एका शहराचें नांव ‘सॅन होझे’ असें वाचलें. नकाशावर ‘जे’ हें अक्षर स्पष्ट दिसत होतें. आम्हीं त्यास उभें करून ‘सॅन जोस’ असें दहा वेळां म्हणावयास लाविलें. वर्ग हंसला, मुलगा मान खालीं घालून बसला. त्याचे मामा त्याच शहरीं नोकरीस होते व तें नांव त्यानें त्यांच्या तोंडून ऐकिलें होतें, हें आम्हांस पुढें कळलें.

हें शहर स्पॅनिश लोकांनीं १७७७ मध्यें वसविलें. ‘होसे’ म्हणजे त्यांचा संत जोसेफ. त्याच प्रांतांतील लॉस एंजेलिस १७८१ चें. त्या नांवाचा अर्थ ‘देवदूत’. १८४८ मध्यें हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि हीं नांवें इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुखीं पडलीं. स्पॅनिश भाषेंत ‘जे’ या अक्षराचा, आणि ज्याच्यापुढें ‘ई’ किंवा ‘आय’ येतो त्या ‘जी’चा, उच्चार जिभेच्या मुळाशीं घर्षणानें होतो. संस्कृत पढलेल्या वाचकांनीं आपला जिह्वामूलीय आठवावा. ‘क’ व ‘ख’ यांपूर्वींच्या विसर्गाचें जें स्थान, तेंच याचें. इंग्रजींत असा वर्ण नसल्यामुळें त्याच्या जागीं बहुधा ‘ह’ येतो.

मौज ही कीं, एकाच वर्णाच्या दोन शहरांत दोन गति झाल्या. सॅन होझे येथें इंग्रजी बोलणाऱ्यांनींही ‘ह’ राखिला. लॉस एंजेलिस येथें ‘ज’ रुजला. इंग्रजींतील देवदूतवाचक शब्द त्याच घाटाचा असल्यामुळें तसें झालें असावें. पण तें सुखासुखीं झालें नाहीं. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या पत्रानें कित्येक वर्षें स्पॅनिश वळणाचा उच्चार पुरस्कारिला. अखेर १९५२ मध्यें महापौर फ्लेचर बाउरन यांनीं एक समितीच नेमिली, व तिनें जकारयुक्त इंग्रजी उच्चार मान्य केला. तरीही पुढें १९६१ ते १९७३ पर्यंत महापौर असलेले सॅम योर्टी आपल्याच शहराचें नांव गकारानें उच्चारीत!

मग शुद्ध कोणतें? आमच्या मतें येथें तत्सम व तद्भव हा आपला जुना भेद उपयोगीं पडतो. स्पॅनिश उच्चार तत्सम, इंग्रजी उच्चार तद्भव. ‘हस्त’ शुद्ध म्हणून ‘हात’ अशुद्ध, असें कोणी म्हणत नाहीं. वडोदऱ्यास आपण मराठींत बडोदें म्हणतों, त्यांत तेथील लोकांचा अवमान नसतो. परंतु ‘बाँबे’ जाऊन १९९५ मध्यें इंग्रजींतही ‘मुंबई’ झाली, तेव्हां आपणांस संतोष वाटला, हेंही खरें. आपल्या नांवाविषयीं जो आग्रह आपण धरितों, तोच दुसऱ्यानें धरिला तर त्यास हंसूं नये.

घट हवा असल्यास मनुष्य कुंभाराकडे जातो. शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या घरीं कोणी जात नाहीं, असें पतंजलि सांगतात. गांवाच्या नांवाचेंही तसेंच आहे. तें रहिवाशांच्या मुखांत घडतें. लिपि केवळ त्याची खूण. म्हणून इंग्रजी बोलतांना तेथील इंग्रजी बोलणाऱ्या रहिवाशांचा उच्चार घ्यावा, आणि स्पॅनिश बोलणारा भेटल्यास त्याचा आदरानें ऐकावा.

आज कित्येक मराठी घरांतील मुलें-नातवंडें त्याच प्रांतीं नांदत आहेत. त्यांच्या पत्रांतील वा बोलण्यांतील एखादें नांव आपणांस विचित्र वाटलें, तर दुरुस्त करण्यापूर्वीं एकदां विचारावें. आम्हीं त्या दिवशीं तेवढें विचारिलें असतें, तर एका मुलाची मान खालीं गेली नसती.