ओटा कोणाच्या मापाने?

नवे घर बांधताना देवघराची दिशा, बैठकीची मापे आधी ठरतात. स्वयंपाकघराच्या वाट्याला उरलेली जागा येते. वास्तविक घरातील बाईचे निम्मे आयुष्य तिथेच जाते.

१९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुशिल्पज्ञाने कामगारवस्तीसाठी छोटे स्वयंपाकघर आखले. सुमारे साडेसहा चौरस मीटर जागेत शेगडी, पाणी, फळ्या सारे हाताशी! बाईची पावले वाचली, की तिचा वेळ वाचतो, हा त्यामागचा विचार.

आपणही हेच पाहावे. पाणी, शेगडी आणि धान्याचे डबे दोन-चार पावलांत असावेत. ओट्याजवळ खिडकी असावी. फोडणीचा धूर बाहेर जातो व कामावर उजेड पडतो. गॅसचा सिलिंडर खाली, उभा ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची ओट्याची उंची. कोपर दुमडून उभे राहिल्यावर ओटा त्याच्या चार-सहा बोटे खाली हवा. शेगडीवर पातेले चढले, की त्याचा काठ आणखी वर जातो. ओटा उंच असेल तर खांदे भरून येतात.

आमचे घर सध्या बांधून होत आहे. आईचे कोपर ३५ इंचांवर भरले, म्हणून ओटा ३० इंचांचा घ्यावा असा मी आग्रह धरला. गवंडीमामा म्हणाले, "एवढा ठेंगणा ओटा पाहुण्यांना कसा दिसेल?"

पाहुणे दोन दिवसांचे. आईला तिथे रोज दोन्ही वेळा उभे राहायचे आहे.