बरे वाटू लागल्यावरची कसोटी

घरातील एखादी व्यक्ती एकाएकी अतिउत्साही होते. तीन-चार तासांच्या झोपेनंतरही तिला थकवा जाणवत नाही, बोलण्याला खंड राहत नाही, पैसा पाण्यासारखा खर्च होतो. काही महिन्यांनी तीच व्यक्ती अंथरुणातून उठेनाशी होते. आपण तिला कधी उधळी, तर कधी आळशी ठरवतो. वास्तविक उन्माद आणि नैराश्य ही एकाच आजाराची दोन टोके असू शकतात. त्यास बायपोलर डिसऑर्डर, अर्थात द्विध्रुवीय मनोविकार म्हणतात. हा स्वभावदोष नव्हे आणि श्रद्धेतील उणीवही नव्हे.

१९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमच्या उपयोगाविषयी लिहिले. आजही ते या आजारावरील एक प्रमुख औषध आहे. ते घेत असताना वेळोवेळी रक्त तपासावे लागते. मूत्रपिंड व थायरॉइड यांवरही लक्ष ठेवावे लागते.

खरी कसोटी लागते ती बरे वाटू लागल्यावर. ‘आता गोळ्या कशाला?’ असे रुग्णास वाटते आणि आपणही मान डोलावतो. परंतु लिथियम अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याविना औषध बंद करू नये. झोप कमी होऊ लागली, तर वेळीच सावध व्हावे. जीव नकोसा झाल्याचे रुग्णाने बोलून दाखवल्यास त्यास एकटे सोडू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य साहाय्य मिळते.

अशा कुटुंबासाठी आपण प्रार्थना करूच. त्याचबरोबर त्यांच्या दारी जाऊन आपुलकीने विचारपूसही करू या.