‘लेआऊट’ म्हणजे नक्की काय? नागपूरकरांच्या पत्त्यातला हा शब्द आला कुठून?

पेपरचं पान किंवा वेबसाइटची मांडणी म्हणजे लेआऊट, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नागपुरात मनीषनगर, बेसा भागात प्लॉट बघायला गेलात, तर पहिला प्रश्न येतो, “कोणत्या लेआऊटमध्ये?” इथे लेआऊट म्हणजे प्लॉट पाडलेली वस्ती. डागा लेआऊट, पांडे लेआऊट, अत्रे लेआऊट ही तर थेट भागांची नावं. बंगळुरूतही एचएसआर लेआऊट आहेच.

शब्द कसा तयार झाला?
‘ले’ म्हणजे ठेवणे, अंथरणे. ‘आऊट’ म्हणजे बाहेर. दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतले. एकत्र आले की अर्थ होतो, पसरून मांडणे. त्यातून कागदावरची मांडणी आणि जमिनीची आखणी असे दोन्ही अर्थ निघाले. गंमत म्हणजे ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ हे त्याचं प्रयोजक रूप. मराठीत पडणे-पाडणे ही तशीच जोडी आहे आणि आपणही ‘प्लॉट पाडले’ असंच म्हणतो!

उच्चार कसा करायचा?
नाम असेल तर शब्द जोडून लिहायचा आणि जोर ‘ले’वर द्यायचा. क्रियापद असेल तर ‘ले आऊट’ असे दोन शब्द होतात आणि जोर ‘आऊट’वर जातो.

पण खरा मुद्दा पुढे आहे
शेतात चुन्याच्या रेघा मारल्या की बोलण्यात त्याला लेआऊट म्हणतात. कायद्याच्या भाषेत मात्र रस्ते आणि मोकळी जागा दाखवणारा नकाशा मंजूर झाला, तरच तो मंजूर लेआऊट. नागपूरच्या बातम्यांत येणारे ‘५७२ आणि १९०० लेआऊट’ हे मंजुरीविना पडलेलेच. असे भूखंड नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला. त्याची १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ मधल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. त्यानंतर पडलेल्या अनधिकृत लेआऊटला या कायद्याचा आधार नाही.

भूखंड नियमित झाला की मिळतं ते नियमितीकरण पत्र, म्हणजेच नागपूरकरांचं ‘आरएल’. ते नसेल तर बांधकामाची परवानगी आणि बँकेचं कर्ज अडू शकतं.

म्हणून ब्रोकर “लेआऊट मस्त आहे” म्हणाला, तर एवढंच विचारा, “मंजूर आहे की नुसता पाडलाय?”