संगणकाच्या पेटीला भाता



गेल्या वर्षापासून आपल्या मंडळाच्या भजनात पेटीच्या जागी एक लॅपटॉप आणि छोटा कीबोर्ड दिसतो. काहींनी कौतुकाने विचारले, काहींनी नाक मुरडले. म्हणून ही हकीकत सविस्तर लिहीत आहोत. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भजन होत नाही असे गाव विरळाच, तेव्हा गावोगावच्या सभासदांनाही तिचा उपयोग होईल.

आमचे पेटीमास्तर सर्वांना ठाऊक आहेत. चाळीस वर्षे त्यांनी साथ केली. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, डावा कायमचा अधू झाला. उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखीच पट्ट्यांवर फिरतात, पण भाता मारायला डावा हात नाही. भजनाला ते यायचे, मागे भिंतीला टेकून बसायचे आणि आरती होण्याआधीच उठून जायचे. हे आम्हाला बघवेना.

आमच्यातल्या एकाच्या नातवाने तोडगा काढला. कीबोर्डला भाता लागत नाही, तर मास्तरांना तो द्यावा आणि आवाज लॅपटॉपमधल्या सिंथेसायझरचा घ्यावा. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साहाय्याने स्वतः आवाज तयार करणारे वाद्य. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये असे यंत्र बनवले, तेव्हा ते तारा आणि बटणांनी भरलेले कपाट होते. आज तेच काम संगणकातला एक प्रोग्रॅम करतो. आम्ही ‘सर्ज एक्सटी’ नावाचा प्रोग्रॅम घेतला, तो मोफत मिळतो. मास्तरांनी एका हाताने दोन ओळी वाजवल्या, हात उचलला आणि म्हणाले, “ही पेटी न्हय.”

त्यांचे खरेच होते. आवाज सुरात होता, पण पत्र्यासारखा कोरडा. मग आम्ही निवृत्त मंडळी आणि तो मुलगा, सगळे दर शनिवारी त्यामागे लागलो. बँकेतली सवय उपयोगी पडली: एका वेळी एकच आकडा बदलायचा, वहीत लिहायचा, मगच पुढे जायचे.

पहिली चूक प्रोग्रॅमची नव्हतीच. आम्ही सभागृहाच्या कर्ण्यातून आवाज काढत होतो. लाकडी खोक्याचा साधा स्पीकर मास्तरांच्या बाजूला, जमिनीवर ठेवला आणि निम्मा पत्रा गेला. कुणी हा उद्योग करणार असेल तर सुरुवात इथूनच करावी.

दुसरी गोष्ट जोडसुरांची. चांगल्या पेटीत एकाच पट्टीखाली दोन किंवा तीन रीड असतात. सारख्या सप्तकातल्या दोन रीड कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यातल्या किंचित फरकामुळे आवाजात संथ लाट उठते, त्यालाच आपण भरदारपणा म्हणतो. संगणक मात्र दोन्ही सूर काटेकोर जुळवतो. म्हणून आम्ही मुद्दाम एक सूर पाच सेंटने उतरवला. (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचे अंतर म्हणजे १०० सेंट.) काळी एकचा मधला सा सेकंदाला सुमारे २७७ कंपनांचा. तिथे पाच सेंट म्हणजे एका कंपनाहूनही कमी फरक, म्हणजे सेकंद-सव्वा सेकंदाला एक लाट. वीस सेंट करून पाहिले तर वरातीतला बँड वाजू लागला. परत पाचवर आलो.

तिसरी गोष्ट सुराच्या हलण्याची. मूग यांच्या काळातली यंत्रे तापली की सूर सरकायचा. वाजवणारे वैतागायचे, पण ऐकणाऱ्याला तोच आवाज जिवंत वाटायचा. आजच्या प्रोग्रॅममध्ये ‘ड्रिफ्ट’ नावाची एक पट्टी असते, ती हेच सरकणे परत आणते. ती अगदी थोडी, कानाला वेगळी जाणवणार नाही इतकीच ठेवावी.

चौथी गोष्ट टोचणाऱ्या उंच स्वरांशांची. प्रत्येक सुरात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी बारीक कंपने मिसळलेली असतात. वरची फार झाली की आवाज चरचरतो. ती कापणाऱ्या भागाला फिल्टर म्हणतात. आम्ही तो सेकंदाला अडीच-तीन हजार कंपनांच्या आसपास लावला. जोडीला ‘सॅच्युरेशन’ चिमूटभर दिले. आवाज मोठा झाला की त्याचे टोक किंचित गोल होते, जुन्या टेपवर व्हायचे तसे. आमटीतल्या मिठासारखे ते आहे, जास्त झाले की सगळेच बिघडते. शिवाय रीड भात्याच्या वाऱ्याने हलायला क्षणभर घेते, म्हणून सूर एकदम न उमटता तीस-चाळीस मिलिसेकंदांत फुलेल असे केले.

पाचवी गोष्ट गंधाराची. कीबोर्डवर सगळ्या पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सूर वेगळा लावता येतो. गंधार तेवढा उतरवला आणि मास्तरांनी प्रथमच मान हलवली.

तरीही ते म्हणाले, “सूर बरा आहे, पण हा श्वास घेत नाही.” आणि हेच मुख्य होते. पेटीवाला भाता दाबतो तेव्हा आवाज नुसता मोठा होत नाही, तो उजळतोही. ओळ संपताना भाता सैल सोडला की सूर मंद होत विझतो. कीबोर्डवर पट्टी दाबली की आवाज एकसारखा, सपाट राहतो. त्या मुलाने पायाने दाबायचे एक पेडल आणले आणि ते आवाजाला व फिल्टरला एकदम जोडले. पेडल दाबले की आवाज वाढतो आणि उघडतो, सोडले की मिटतो. मास्तरांचा उजवा पाय धडधाकट आहे. पंधरा दिवसांत त्यांना पायाने भाता मारणे जमले.

खरे तर यात नवल नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले, ते वाद्य पायानेच वाजत असे. आपल्या संगीत नाटकांतली पायपेटी आठवा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी बनवली. आमच्या मास्तरांचा भाता हातातून पुन्हा पायात गेला, इतकेच.

“यंत्रातून आवाज, त्यात भाव कसला?” असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आठवण. पेटीही एके काळी परकी आणि निर्जीव ठरली होती. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, या तक्रारीवरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. त्याच पेटीला पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर यांनी गाते केले. त्यांचे शिष्य, आपल्या बोरीचे पंडित तुळशीदास बोरकर, यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पेटीचे रीड तेच राहिले, वाजवणाऱ्यांनी तिला ऊब दिली. आमच्या आकड्यांनी मास्तरांच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर केला.

मंडळाची जुनी पेटी आम्ही टाकलेली नाही. पावसाळ्यात तिच्या रीडवर गंज चढतो आणि भात्याला बुरशी येते. म्हणून ती सुक्या जागी, कापडात गुंडाळून ठेवली आहे. मुलांनी शिकताना तीच वाजवावी, असा मास्तरांचा आग्रह आहे. लॅपटॉपवर मींड अजून त्यांच्या मनासारखी येत नाही, ही तक्रारही ते दर शनिवारी करतात.

पण गेल्या चवथीला ते आरतीआधी उठून गेले नाहीत. घुमट आणि शामेळ सुरू झाले, मास्तरांनी पाय पेडलवर ठेवला आणि शेवटपर्यंत साथ केली. ज्यांना आमच्या वहीतले आकडे हवे असतील त्यांनी शनिवारी सरावाला यावे. मास्तरांशेजारची जागा मुलांसाठी मोकळी ठेवली आहे.